काळा पडदा: दोष कोणाचा?

विहिरीवरील पंप चालू असून पाणी येईनासें झालें, तर कोणताहि जाणता शेतकरी आरंभींच इंजिन खोलून बसत नाहीं. फूटव्हॉल्व्हमध्यें कचरा अडकला आहे काय, ओढीच्या पाइपांत कोठें हवा शिरते काय, पंप पाण्यानें पुरता भरला होता काय, हें तो क्रमानें पाहतो. हीच क्रमाची बुद्धि शेतांतील नव्या यंत्रांच्या बाबतींत मात्र आपण गुंडाळून ठेवितों, असें आमचें मत झालें आहे. आणि त्याचें ठळक उदाहरण म्हणजे पंपघरांतील काळा पडलेला पडदा होय.

जमिनींतील ओल, हवेची उष्णता व पावसाचें मान टिपून ठेवण्याच्या कामीं एकाच पाटीवर मांडलेला लहान संगणक चांगला उपयोगी पडतो. इंग्लंडांतून २०१२ सालीं बाजारांत आलेला ‘रास्पबेरी पाय’ हा त्यांपैकीं विशेष प्रसिद्ध आहे. त्याची चौथी आवृत्ति २०१९ सालीं निघाली. ही पाटी पडद्यावांचून मिळते. पडदा आपण जोडावयाचा असतो. पंपघरांत मोठा टी.व्ही. कोण ठेवणार? म्हणून सात इंची, आडवे १०२४ व उभे ६०० ठिपके असलेला लहान पडदा घेतला जातो. हें माप टी.व्ही.च्या नेहमींच्या मापांत बसत नाहीं, आणि घोटाळ्यास आरंभ येथेंच होतो.

पडदा काळा राहिला कीं पडदा विकणारा म्हणतो, पाटी जळली. पाटी विकणारा म्हणतो, पडदा वाईट. या दोघांच्या वादांत शेतकरी दोन्ही वस्तू नव्यानें विकत घेतो, आणि तोंपर्यंत ऐन उन्हाळ्यांत बागेस पाणी अंदाजानें सोडलें जातें. वास्तविक पाहतां दोन्ही वस्तू निर्दोष असूनहि असें होऊं शकतें. चुकलेली असते ती त्यांची परस्परांची ओळख. पडदा केबलींतून संगणकास आपली एक ओळखचिठ्ठी देतो. ती किमान १२८ बाइटांची असते, व तींत पडद्याचें माप आणि सेकंदास किती चित्रें घेतां येतील हें नमूद असतें. ही चिठ्ठी अपुरी किंवा चुकीची असली, अथवा पडदा संगणकाच्या मागून सुरू झाल्यामुळें ती वेळेवर पोंचली नाहीं, तर पाहुणा दारांत उभा आहे हें घरधन्यास कळतच नाहीं.

तेव्हां शोधाचा क्रम असा असावा. पाटीवरील हिरवा दिवा प्रथम पाहावा. तो अनियमित लुकलुकत असेल तर मेमरी कार्ड वाचलें जात आहे, म्हणजे संगणक जिवंत आहे. पडदा काळा असतांहि ओलीची नोंद चालू असण्याचा संभव आहे. अशा वेळीं रागानें वीज तोडूं नये, कारण त्यामुळें कार्डावरील मजकूर बिघडूं शकतो. दुसरें, विजेचा पुरवठा. चौथ्या आवृत्तीस ५ व्होल्ट व ३ अँपियरचा चार्जर लागतो. दाब सुमारें ४·६३ व्होल्टच्या खालीं गेला कीं संगणक विजेची खूण दाखवून तक्रार करितो. पडदाहि पाटींतूनच वीज घेत असेल तर दोघेहि उपाशी राहतात. पडद्यास स्वतंत्र चार्जर द्यावा. तिसरें, पाटीवर पडद्याचीं दोन लहान तोंडें असतात. विजेच्या तोंडाला लागून असलेलें तें पहिलें, केबल त्यांतच घालावी. चौथें, आधीं पडदा सुरू करावा व मग संगणक. सप्तरंगी चौकोन क्षणभर दिसून पडदा काळा झाला, तर केबल व पडदा ठीक असून दोष पुढील मांडणींत आहे असें समजावें. पांचवें, घरांतील टी.व्ही. जोडून पाहावा. त्यावर चित्र आलें तर पाटी निर्दोष ठरली.

आतां मांडणीचा प्रश्न. पूर्वीं कार्डावरील ‘कॉन्फिग’ नांवाच्या फाइलींत पडद्याचें माप लिहिलें कीं काम भागत असे. परंतु २०२१ अखेरच्या प्रणालीपासून चित्र पाठविण्याची व्यवस्थाच बदलली, आणि त्या जुन्या ओळी सामान्यतः निष्फळ ठरल्या. आतां माप ‘कमांडलाइन’ फाइलींत द्यावें लागतें: तोंडाचें नांव, १०२४ व ६०० हे आंकडे, सेकंदास ६० चित्रें, आणि शेवटीं पडदा सक्तीनें चालू धरावा अशी खूण. या फाइलींतील सर्व मजकूर एकाच ओळींत असला पाहिजे. ओळ मोडली कीं संगणक सुरूच न होण्याची भीति असते. म्हणून टी.व्ही.वर पाहूनच हा बदल करावा, व मूळ फाइलीची प्रत आधीं काढून ठेवावी.

येथें विक्रेत्यांच्या जबाबदारीचा प्रश्न येतो. जुन्या ओळींचें पत्रक नव्या यंत्राबरोबर देणें म्हणजे मुदत संपलेलें बीं नव्या पिशवींत भरून विकण्यासारखें आहे. पडद्याचें माप, त्यास लागणारी वीज व चालू प्रणालीसाठीं नेमकी ओळ, हीं तीन गोष्टींचीं उत्तरें लेखी मिळाल्याशिवाय सभासदांनीं पडदा घेऊं नये. संघानेंहि आपल्या कचेरींत खात्रीचा एक चार्जर, एक केबल, एक चांगला पडदा व एक तयार कार्ड एवढा संच ठेवावा. ज्याचा पडदा काळा पडला त्यानें आपली पाटी आणावी, आणि एकेक वस्तु बदलून दोष कोठें आहे हें तेथेंच पाहावें. या खर्चाची भरपाई कांहीं सभासदांची अनावश्यक खरेदी टळली तरी होईल.

कोणी म्हणेल, शेतकऱ्याचें काम नांगर धरण्याचें, फाइली चाळण्याचें नव्हे. परंतु ऑइल इंजिन गांवांत आलें तेव्हांहि हेंच म्हटलें गेलें असेल. पुढें शेतकऱ्याच्या मुलांनींच तें खोललें, पुसलें व पुन्हां जोडलें. यंत्र ज्याच्या शेतांत आहे त्याला निदान त्याचा दोष ओळखतां आला पाहिजे. दुरुस्ती मग दुसऱ्यानें केली तरी चालेल. जो दोष ओळखतो त्याला कोणी सहसा फसवीत नाहीं, आणि त्याच्या बागेचें पाणीहि वेळेवर सुटतें.