फुली मारणं सोपं असतं

आमच्या सौ.च्या हाती डॉक्टरांनी कागद दिला: भाज्या बंद, फळं बंद. आपल्याच जिल्ह्यात, संग्रामपूर-जळगाव जामोदच्या खारपाणपट्ट्यात, किडनीचे पेशंट किती! त्यांच्याही हातात असेच कागद दिसतात. पण मंडळी, पोटाचं काय? किडनी थकली की जास्तीचं पोटॅशियम बाहेर टाकायला आतडं मदत करतं. चोथा तुटला, बद्धकोष्ठ झालं, की तीही वाट अडते. मग मिल्क ऑफ मॅग्नेशिया? त्यातलं मॅग्नेशियम आजारी किडनीला झेपत नाही, ते अंगात साठतं.

अहो, दुधी, कोबी चिरून भरपूर पाण्यात उकडा, पाणी फेका, रिपोर्ट पाहून प्रमाण ठरवा, असं सांगता येतं की! उंद्रीच्या या मास्तरानं वहीत नुसती फुली कधी मारली नाही. शेजारी बरोबर उत्तरही लिहिलं. डॉक्टरसाहेब, तुम्हीही लिहा.