पाटी नव्हे, पदवी पाहा!

अंधेरी-बोरिवली असो की घाटकोपर-मुलुंड, स्टेशनबाहेर ‘स्किन क्लिनिक’च्या पाट्यांचे पेव फुटले आहे. पण पाटी लावणारा प्रत्येकजण त्वचारोगतज्ज्ञ नसतो. एमबीबीएसनंतर त्वचारोगातच एमडी, डीएनबी किंवा मान्यताप्राप्त पदविका घेतलेला, तोच तज्ज्ञ. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलचा नोंदणी क्रमांक विचारणे हा रुग्णाचा हक्क आहे. त्यात संकोच कसला?

आपल्या दाटीवाटीच्या वस्त्यांत गजकर्ण घरभर पसरते. दुकानातून परस्पर आणलेल्या स्टेरॉइडच्या मलमाने खाज थांबते, गजकर्ण मात्र आतून फोफावते. तेच मलम गोरे होण्यासाठी चेहऱ्याला चोपडले की कातडी पातळ होते. २०१८ साली केंद्र सरकारने अशी १४ मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीविना विकण्यास मनाई केली. पण चिठ्ठी देणाराच भोंदू असेल तर कायदा काय करणार?

बधिर चट्टा कुष्ठरोगाचा असू शकतो. त्याचे औषध सरकारी दवाखान्यात मोफत मिळते. म्हणून कर्ज काढून लेझरमागे धावण्यापूर्वी कूपर किंवा शीव रुग्णालयाचा त्वचारोग विभाग गाठावा.

आणि काळा रंग हा रोग नव्हे! त्यावर ‘उपचार’ विकणाऱ्याची पायरी समाजबांधवांनी चढू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.