रीलाँच? उद्या करू!

माझ्या रूममेटच्या क्रोमच्या कोपऱ्यात तीन आठवडे 'रीलाँच टू अपडेट' लिहून येतंय. पण साहेबांच्या पंचेचाळीस टॅब उघड्या! "सबमिशन झालं की करू." सबमिशन काही संपत नाही.

हसण्यावारी नेऊ नका. मार्च २०२५ मध्ये रशियातल्या शिक्षणसंस्था आणि वृत्तमाध्यमांतल्या लोकांना मेलने एका परिषदेचं निमंत्रण आलं. (असली निमंत्रणं आपल्या प्राध्यापकांनाही येतातच.) लिंकवर क्लिक केलं, बस्स! ना डाऊनलोड, ना कुठे 'येस' दाबणं. विंडोजच्या मशीनमध्ये हेरगिरीचा प्रोग्रॅम शिरला. कॅस्परस्कीने तो पकडला. भोकाचा नंबर सीव्हीई-२०२५-२७८३.

वास्तविक क्रोम वेबसाइटचा कोड 'सँडबॉक्स'मध्ये कोंडून चालवतो. होस्टेलच्या भाषेत सांगायचं तर पाहुण्याने व्हिजिटर्स रूममध्येच बसायचं, काही लागलं तर शिपायाकडे मागायचं. इथे भिंत कोणी फोडली नाही. शिपायानेच चुकून नको ती किल्ली पाहुण्याच्या हातात दिली! या किल्लीला 'हँडल' म्हणतात, आणि चूक होती ती विंडोजवर क्रोमच्या प्रोसेसेसमध्ये चालणाऱ्या देवाणघेवाणीत. आपण ओएसच्या पेपरला प्रोसेस आयसोलेशन घोकतो आणि आयपीसी ऑप्शनला टाकतो. घात झाला तो नेमका आयपीसीत.

गूगलने २५ मार्चला दुरुस्ती दिली. फायरफॉक्सवाल्यांनी आपला कोड तपासला, तर तसलंच भोक तिथेही! दोन दिवसांत त्यांनीही बुजवलं. तेव्हा "मी क्रोम वापरतच नाही" म्हणणाऱ्यांनी कॉलर ताठ करू नये.

आता ही दुरुस्ती लागू कधी होते? ब्राउझर बंद करून परत उघडल्यावर! शिवाय दुरुस्ती बाहेर आली की भोक कुठे होतं हे चोरांनाही शोधता येतं. म्हणजे तीन आठवड्यांचा आळस हा त्यांना दिलेला तीन आठवड्यांचा अभ्यासाचा वेळ. आणि टॅबचं म्हणाल तर रीलाँचनंतर त्या परत येतात हो!

आपल्या लॅबची तर आणखी गंमत. व्हायरस नको म्हणून मशीन अशी फ्रीझ केलीत की रीस्टार्ट झालं की अपडेटसुद्धा पुसलं जातं. दर सेमिस्टरला नव्याने इमेज टाकेपर्यंत ब्राउझर तोच जुना. आणि त्याच मशीनवर आपण परीक्षेचे फॉर्म भरतो, मेल उघडतो. लॅब असिस्टंट सरांना विनंती, दर शनिवारी तासभर फ्रीझ काढून अपडेट करू. साठ मशीन आहेत, आम्ही चार जण मदतीला येतो. चहा मात्र तुमच्याकडे.