अर्धवट रिकामी टाकी

छत्तीसगढमधील नद्या, नाले आणि त्यांना जोडलेले जलसाठे दरवर्षी १६ जून ते १५ ऑगस्ट या काळात मासेमारीसाठी बंद असतात. माशांच्या विणीचा हा काळ असल्याने बंदी योग्यच आहे. मात्र याच दोन महिन्यांत आणखी एक गोष्ट घडते, जी कोणत्याही विभागाच्या कामाच्या यादीत बसत नाही. रायपूर आणि भोवतालच्या गावांत गळाने मासे धरणाऱ्या हौशी मंडळींनी अंगणात, परसात किंवा गच्चीवर मांडलेल्या जिवंत आमिषाच्या टाक्या या काळात बेवारस होतात. पंप बंद पडतो, मासे मरतात किंवा कुठेतरी सोडून दिले जातात, तळाशी चार बोटे पाणी उरते आणि वरून पाऊस सुरू होतो.

छत्तीसगढीत गळाला ‘गरी’ म्हणतात आणि गरी घेऊन तलावाकाठी बसणे हा येथील जुना विरंगुळा आहे. मरळीसारखा शिकारी मासा कणकेच्या गोळीला सहसा भुलत नाही. त्याला हलणारे सावज हवे असते. म्हणून छोटे मासे आठवडाभर जिवंत ठेवण्याची सोय घरोघरी केली जाते. दोनशे लिटरचा प्लास्टिकचा ड्रम, जनावरांची जुनी सिमेंटची नांद, फुटक्या फ्रीजचे खोके, हाती लागेल ते या कामी येते. मांडणीतील चुका बहुतेकांना अनुभवाने कळतात. नळाच्या पाण्यातील क्लोरीन उडून जाण्यासाठी पाणी एक दिवस उघडे ठेवावे लागते. नव्या सिमेंटच्या हौदातील चुना निघून जाईपर्यंत तो अनेकदा भरून रिकामा करावा लागतो. उन्हाळ्यात टाकी सावलीत हवी, कारण पाणी जितके तापेल तितका त्यात प्राणवायू कमी विरघळतो. २० अंश सेल्सिअसला लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, तर ३५ अंशांना जेमतेम ७.

एक चूक मात्र अनुभवाने शिकण्याजोगी नाही. कीटकनाशकाचा रिकामा ड्रम किंवा फवारणीची नळी टाकीसाठी कितीही धुऊन वापरू नये. सिंथेटिक पायरेथ्रॉइड गटातील औषधे पाण्यात लिटरमागे काही मायक्रोग्रॅम असली तरी मासे मारतात. अशा ड्रममधील मासे ‘हवा लागली नाही’ म्हणून मेले असे समजले जाते आणि तेच पाणी पुढे परसातल्या भाजीला किंवा गुरांच्या पुढ्यात जाते.

मांडणीविषयी चार गोष्टी सांगणारा कोणीतरी भेटतो. टाकी मोडण्याविषयी सहसा कोणी बोलत नाही. कीटकशास्त्राच्या दृष्टीने धोका तिथेच आहे. चालू टाकी डासांची जागा नसते. तिच्यातील भुकेले छोटे मासे अळी दिसताच गिळतात. चतुराची पिल्ले पाण्यात आली तर तीही डासांच्या अळ्यांवरच जगतात (माशांची अगदी लहान पिल्लेही ती सोडत नाहीत, हा भाग वेगळा). मासे गेले आणि पाणी राहिले की हा पहारा उठतो. ३० अंशांच्या आसपासच्या तापमानात एडिस इजिप्ती या डासाची अळी, कोष आणि प्रौढ ही वाटचाल साधारण सात ते दहा दिवसांत पुरी होते.

इथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. टाकी उपडी केली की काम संपले, असे अनेक विस्तार कार्यकर्तेही सांगतात. एडिसची मादी अंडी पाण्यात सोडत नाही. पाण्याच्या रेषेच्या किंचित वर, ओलसर भिंतीवर ती एकेक चिकटवते. पाणी ओतून दिल्याने ती अंडी जात नाहीत. कोरड्या भिंतीवर ती कित्येक महिने तग धरतात आणि पुन्हा पाणी चढले की फुटतात. म्हणजे जूनमध्ये उपडा करून ठेवलेला आणि ऑगस्टमध्ये पुन्हा सरळ करून भरलेला ड्रम हा पहिल्या दिवसापासूनच डासांचा असू शकतो. रिकामी केलेली टाकी आतून, विशेषतः जुन्या पाणरेषेच्या पट्ट्यात, काथ्याने किंवा ताठ ब्रशने खरवडून घासली पाहिजे, ब्लीचिंग पावडरच्या पाण्याने धुतली पाहिजे, दोन-तीन दिवस कडक उन्हात वाळवली पाहिजे आणि मगच छपराखाली पालथी ठेवली पाहिजे. हे घासण्याचे पाणी तलावात किंवा वाफ्यात जाता कामा नये. ज्यांना टाकी चालूच ठेवायची आहे त्यांनी तोंडाला बारीक जाळी बांधावी. गरज पडल्यास बॅसिलस थुरिंजिएन्सिस इस्राएलेन्सिस हे जिवाणूजन्य अळीनाशक वापरता येते, माशांना त्याचा अपाय होत नाही.

एका घरच्या ड्रमने असे काय होणार, हा प्रश्न साहजिक आहे. एडिस दूरवर उडणारा डास नाही. बहुधा तो जन्मल्या जागेपासून शे-दोनशे मीटरांतच आयुष्य काढतो. एक ड्रम शहराला आजारी पाडत नाही, पण एका गल्लीला पाडू शकतो. २०१८च्या ऑगस्टमध्ये रायपूरशेजारच्या भिलाईत डेंग्यूने अनेक बळी घेतले, तेव्हा शोध याच प्रकारच्या घरगुती साठ्यांचा घ्यावा लागला होता: कूलर, टायर, कुंड्या, ड्रम.

दुसरा प्रश्न टाकीतल्या माशांचा. उरलेले मासे मारायचे कसे, म्हणून ते जवळच्या तलावात सोडले जातात आणि सोडणाऱ्याला पुण्य केल्याचे समाधान मिळते. ही भावना हसण्यावारी नेण्यासारखी नाही. विस्ताराचे काम करणाऱ्याने तिचा मान ठेवूनच बोलावे. पण बाजारातून किंवा दुसऱ्या तलावातून आणलेल्या माशांच्या मुठीत नेमके काय आहे, हे सोडणाऱ्याला ठाऊक नसते. तिच्यात चिलापीची पिल्ले असू शकतात. मोझांबिक चिलापी भारतात १९५२ मध्ये आणली गेली आणि आज महाराष्ट्रातील उजनीसारख्या जलाशयात कोळ्यांच्या जाळ्यात तीच मोठ्या प्रमाणावर येते. तिच्यात ज्याच्या संवर्धनावर बंदी आहे त्या थाई मागूरचे बीज असू शकते. डास खातो म्हणून टाकीत टाकलेला गॅम्बुशियाही असू शकतो. १९२८ मध्ये देशात आणलेला हा मासा इतर माशांची अंडी, पिल्ले आणि बेडकांचे शेपटे खातो.

मासे नसले तरी पाणी उरतेच. १९८८ मध्ये ईशान्य भारतातून देशात पसरलेल्या माशांच्या व्रणरोगाची बुरशी पाण्यातून आणि आजारी माशांतून पुढे जाते, आणि तिला सर्वाधिक बळी पडणाऱ्यांत मरळ व खवल्यांचे छोटे मासे, म्हणजे शिकार आणि आमिष दोन्ही, येतात. ठेक्याने तलाव घेतलेल्या मच्छीमार समितीचे वर्षाचे उत्पन्न अशा एका बादलीवर अवलंबून राहावे, हे अन्यायाचे आहे. रायपूरमधील नाल्यांचे पाणी खारून नदीकडे जाते आणि शहर पिण्याचे पाणीही त्याच नदीतून उचलते. सीमेपलीकडील गोंदिया-भंडाऱ्यातही, जिथे माजी मालगुजारी तलाव धानाला पाणी आणि धीवर समाजाला मासे देतात, चित्र वेगळे नाही. एका तलावाचा सांडवा पुढच्या तलावात उतरतो.

टाकीचे पाणी मुरावे ते जमिनीत. त्यातील अमोनिया व नायट्रेट परसबागेला, छत्तीसगढी बाडीला, उपयोगीच आहेत. नळीने उपसताना तोंडाला कापड बांधावे, पाणी तलाव-नाल्यापासून दूरच्या वाफ्यात सोडावे. रोगासाठी पाण्यात मीठ टाकले असेल तर भाजीच्या वाफ्याऐवजी मोकळ्या जमिनीत ओतावे. उरलेले मासे खाण्याजोगे असल्यास खावेत, नसल्यास चुना टाकून पुरावेत.

बेडकांविषयीही स्पष्ट बोलले पाहिजे. मरळीसाठी लहान बेडूक गळाला लावणारे अजूनही आहेत. वन्यजीव संरक्षण कायद्याने संरक्षण दिलेला आपला मोठा बेडूक पकडणे हा गुन्हा आहेच. पण धानाच्या बांधीत तुडतुडे, खोडकिड्यांचे पतंग आणि नाकतोडे फुकटात खाणारा मजूर गळाला लावणे हा शेतकऱ्याचा स्वतःचाच तोटा आहे. बेडकांच्या पायांची निर्यात देशाने १९८७ मध्ये थांबवली, तीही उगाच नाही.

पाण्याची टाकीच नको, हा पर्याय पुष्कळांना चालण्याजोगा आहे. २० जुलै २०२० रोजी, हरेलीच्या दिवशी, सुरू झालेल्या गोधन न्याय योजनेमुळे छत्तीसगढच्या गावोगावी गांडूळखताची टाकी आणि ती हाताळणारे बचत गट परिचयाचे झाले. ओल्या शेणाच्या बिछान्यातले गांडूळ हे उत्तम आमिष आहे आणि त्याला ना पंप लागतो, ना पाणी. आयसेनिया फेटिडा दुखावल्यावर दुर्गंधी द्रव सोडते. गळासाठी मोठे आफ्रिकी गांडूळ, युड्रिलस, अधिक बरे. मात्र दोन्ही परदेशी असल्याने उरलेली गांडुळे खताच्या टाकीतच परत जावीत, तलावाच्या काठावर झटकली जाऊ नयेत. केवळ जिवंत माशावरच झडप घालणाऱ्या मरळीच्या शौकिनांना हा पर्याय पटणार नाही, त्यांच्यासाठी टाकी राहील.

कृषी विज्ञान केंद्रांच्या जूनमधील कार्यक्रमांत धानाचे पऱ्हे, बीजप्रक्रिया आणि रोवणी यांची गर्दी असते, हे खरे. तरी १५ जूनच्या आधीच्या आठवड्यात गावातील एक टाकी सर्वांसमोर उपसून, घासून, वाळत घालायला अर्ध्या तासाहून अधिक वेळ लागत नाही. ब्रश टाकीवाल्याच्या घरचाच असावा, आणि खरवडलेली पाणरेष भिंगाखाली धरून ती काळी, मोहरीहूनही बारीक अंडी त्याच्या मुलांना दाखवावीत.