अडीच गुंजा दारू

दारू मोजायची म्हटलं की पुण्यात शनिवारी संध्याकाळी डोळ्यांसमोर जो पेग मेजर येतो, त्याबद्दल हा लेख नाही. ही दारू बंदुकीची. आणि ती मोजायच्या यंत्राचं नाव 'पावडर मेजर'. अमेरिकेत झाडलेल्या काडतुसाची रिकामी पितळी पुंगळी फेकून न देता ती घरीच पुन्हा भरणारे भरपूर हौशी लोक आहेत. गॅरेजमधल्या टेबलाला हे यंत्र स्क्रूने आवळलेलं असतं, आणि सुट्टीच्या दिवशी साहेब शांतपणे हँडल वरखाली करत बसतात. आमच्या हापिसातल्या कँटीनमध्ये हे व्हिडिओ बघणारी चार-पाच टाळकी आहेत. त्यांचा ठरलेला प्रश्न : "आपल्याकडे हे का नाही चालत राव?"

मला हा प्रश्न आवडतो, पण त्यामागचा सूर आवडत नाही. सूर असा असतो की आपल्याकडे सगळ्यालाच बंदी, मग यालाही बंदी. प्रत्यक्षात हे यंत्र नीट लावायला बसलं की प्रकरण वेगळंच आहे असं लक्षात येतं.

आधी यंत्र समजून घेऊ. वर दारूचं नळकांडं, खाली फिरणारा लोखंडी दंडगोल, दंडगोलात एक खाच. हँडल वर केलं की खाच दारूने भरते, खाली केलं की ती दारू नळीतून पुंगळीत पडते. खाचेची खोली स्क्रूने कमीजास्त करता येते. संपलं. कॉफीच्या मशीनपेक्षा सोपं! गोम अशी की हे यंत्र आकारमान मोजतं, आणि आपल्याला हवं असतं वजन. आजकालच्या बिनधुराच्या दारूचं सगळं गणित वजनावर चालतं, ग्रेनमध्ये. एका पौंडात ७००० ग्रेन, म्हणजे एक ग्रेन साधारण ६५ मिलिग्रॅम.

ग्रेन हा शब्द परका वाटत असेल तर लक्ष्मी रोडवरच्या कुठल्याही जुन्या सराफाला विचारा. ब्रिटिश अमलातला तोळा बरोबर १८० ग्रेनचा होता. तोळ्याचे १२ मासे, माशाच्या ८ गुंजा, म्हणजे तोळ्याच्या ९६ गुंजा. एक गुंज जवळजवळ पावणेदोन-दोन ग्रेनची. पिस्तुलाच्या एका काडतुसात साधारण चार-पाच ग्रेन दारू लागते. म्हणजे सोनाराच्या भाषेत अडीच गुंजा! आजीच्या नथीतला मोती बसवताना जेवढा डोळा लावावा लागतो, तेवढा इथे प्रत्येक गोळीमागे लावायचा.

आता आकारमान आणि वजन यातली भानगड. आपल्या आज्या-पणज्यांना ही पक्की ठाऊक होती. धान्य पायलीने, शेराने, मापट्या-चिपट्याने मोजायचे तेव्हा माप सपाट की शिगोशीग, दाबून भरलं की हलक्या हाताने ओतलं, यावर घराघरात भांडणं होत. वाण्याने माप आपटलं की दाणे खाली बसून जास्त मावायचे, न आपटता भरलं की कमी. माप तेच, धान्य कमीजास्त. पावडर मेजरचा अख्खा त्रास या एका परिच्छेदात आला. दारूचे कण गोल असले तर ते वाळूसारखे वाहतात आणि माप छान एकसारखं पडतं. चपट्या पाकळ्या असल्या तर मधेच अडकतात. शेवयांच्या तुकड्यांसारखे लांबट असले तर दंडगोलाच्या कडेला कचकन कापले जातात, आणि हँडलला तो झटका जाणवतो. त्या झटक्यानंतरचं माप बेभरवशाचं. नळकांडं भरलेलं असताना वरच्या दारूचा भार वेगळा, तळाशी आल्यावर वेगळा. हँडल एकदा जोरात आणि एकदा सावकाश मारलं तरी फरक.

म्हणून यंत्र 'लावणं' म्हणजे स्क्रू फिरवणं नव्हे. आधी कारखान्यातलं तेल-ग्रीस पुसून काढायचं, नाहीतर कण चिकटतात. मग दारू भरून पाचपंचवीस मापं टाकून पुन्हा नळकांड्यात ओतायची, म्हणजे दारू आत बसते. तराजू माहितीच्या वजनांनी तपासून घ्यायचा. मग दहा मापं एकत्र तोलून दहाने भागायचं. इथे आमच्या धंद्यातल्या माणसाचे कान टवकारायला हवेत. दहाची सरासरी बरोबर आली याचा अर्थ दहाही मापं बरोबर आली असा होत नाही! पाच कमी आणि पाच जास्त पडली तरी सरासरी देखणीच येणार. सर्व्हरचा सरासरी रिस्पॉन्स टाइम दाखवून क्लायंटला खूश करणारे मॅनेजर आपण सगळ्यांनी पाहिलेत. बंदुकीच्या नळीला सरासरी कळत नाही, तिला समोरची एक गोळी कळते. म्हणून मापं एकेकटी तोलून त्यांच्यातलं अंतरही बघायचं, आणि काम सुरू झाल्यावरही दर काही मापांनंतर तराजूकडे परतायचं.

चुकलं तर काय? दोन प्रकारे चुकतं. पिस्तुलाची पुंगळी चार-पाच ग्रेनने बऱ्याचदा अर्धीही भरत नाही. त्यामुळे लक्ष उडालं आणि एकाच पुंगळीत हँडल दोनदा मारलं गेलं, तरी वरून बघताना काही ओसंडत नाही. दाब मात्र दुप्पट होऊन थांबत नाही, तो त्याच्या कितीतरी पुढे जातो. दुसरी चूक उलटी : दारू पडलीच नाही. नुसत्या टोपीच्या जोराने गोळी नळीत अर्ध्यात जाऊन अडकते, 'फुस्स' असा आवाज येतो, आणि माणसाने तसाच पुढचा बार काढला तर नळी फाटते. फुसका बार हा आपल्याकडे विनोद आहे. तिथे त्या आवाजावर हातातलं सगळं थांबवायचं असतं.

तर मंडळी, हा छंद बनवण्याचा कमी आणि तपासण्याचा जास्त आहे. आणि म्हणूनच माझं मत असं की तो वाकड-कोथरूडच्या फ्लॅटमध्ये येऊ नये. कायद्याने तो येऊ शकतही नाही म्हणा. शस्त्र कायदा, १९५९ च्या कलम ५ प्रमाणे परवान्याशिवाय दारूगोळा बनवता येत नाही, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर बेकायदा निर्मितीची शिक्षा किमान ७ वर्षं ते जन्मठेप अशी आहे. पण कायदा बाजूला ठेवला तरी माझं मत तेच राहील. टेक्सासमधल्या माणसाची चूक त्याच्या गॅरेजपुरती राहण्याची शक्यता असते. आपल्या भिंतीपलीकडे जोशी काकूंचं देवघर असतं, निरांजनासकट. "मग गॅस सिलिंडर नाही का घरात?" असं कोणीतरी म्हणणारच. अहो, पण सिलिंडर आपण स्वयंपाकघरात बसून भरत नाही. तो दुसरीकडे भरून, तपासून, सील होऊन येतो.

दुसरं, पुण्यातल्या नेमबाजीला याची गरज तरी किती? बालेवाडीला १० मीटर एअर रायफल आणि एअर पिस्तूल मारणाऱ्या पोरापोरींना दारूच लागत नाही, हवेच्या दाबावर काम चालतं. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर थ्री पोझिशनचं ब्राँझ आणलं, ती रायफल .२२ ची. त्या काडतुसाची पेट घेणारी रसायनं पुंगळीच्या काठातच भरलेली असतात. चाप ओढला की काठ चेपतो. ते घरी पुन्हा भरण्याची सोयच नाही. ते नेमबाज वेगळं करतात : एकाच कंपनीच्या वेगवेगळ्या लॉटची काडतुसं आपल्या रायफलीतून झाडून बघतात, आणि जो लॉट घट्ट गट पाडतो तोच घेऊन ठेवतात. म्हणजे मोजमाप तिथेही आहेच, फक्त ते कागदावरच्या भोकांवरून मागे मागे येतं.

उरले सेंटरफायर पिस्तूल आणि लांब पल्ल्याची रायफल मारणारे थोडे लोक. त्यांच्यासाठी रेंजवर, परवान्याखाली, एक खोली असावी असं मला वाटतं. टेबलावर एका वेळी एकच दारू. भरणारा एक, तपासणारा दुसरा, आणि लॉट नंबरसकट वही. प्रॉडक्शनवर कोड टाकताना आपण दुसऱ्याची नजर घेतो, मग इथे का नको? खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ पासून याच शहरात आहे. दुहेरी तपासणी म्हणजे काय हे शिकवू शकणारे निवृत्त लोक पुण्यात नक्की सापडतील.

पण खरं सांगायचं तर ही माझी मुख्य तक्रार नाहीच. महाराष्ट्रात आजही कायदेशीरपणे, घरच्या पडवीत बसून, दारू मोजून बंदूक भरणारी माणसं आहेत, आणि आमच्या कँटीनला त्यांचा पत्ताच नाही. ती आहेत कोकणात. शेती संरक्षणाचा परवाना असलेली ठासणीची बंदूक. शस्त्र कायद्याच्या कलम १३ मध्ये पिकांच्या रक्षणासाठीच्या ठासणीच्या बंदुकीचा चक्क वेगळा उल्लेख आहे. रानडुक्कर एका रात्रीत भाताचा तुकडा लोळवून जातं, आणि माकडं नारळाचं काय करतात ते बागायतदाराला विचारा. (परवाना म्हणजे शिकारीची मुभा नव्हे, वन्यजीव कायदा १९७२ पासून डोक्यावर आहेच.) नळीत वरून दारू, मग बोळा, मग छर्रे, आणि गजाने ठासायचं.

सावंतवाडीकडे आमच्या नात्यातल्या एका काकांना मी विचारलं होतं, दारू किती घालायची ते कसं ठरवता? ते तळहाताची खळगी करून म्हणाले, "अरे, हाताक कळता." त्यांच्या हाताला कळतं यावर माझा विश्वास आहे. चाळीस वर्षं एकच बंदूक आणि एकच तळहात, हेही एक लावलेलं यंत्रच झालं. शिवाय सोरा-गंधक-कोळशाची काळी दारू तुलनेने सोशिक. ती पूर्वापार आकारमानानेच मोजतात, थोडं इकडेतिकडे ती खपवून घेते. पण काकांच्या मुलाचा तळहात वेगळा आहे. तो मुंबईहून गणपतीला आणि मे महिन्यात येतो. आणि काळ्या दारूच्या जागी कोणी काडतुसातली बिनधुराची दारू त्याच खळगीने घातली, तर सोशिकपणा तिथेच संपतो. तेवढ्याच आकारमानात कितीतरी पट जोर, आणि नळी गालाला लागलेली.

यावर उपाय हास्यास्पद वाटेल इतका साधा आहे. पितळेची एक ठरावीक खोलीची वाटी. स्क्रू नाही, खाच नाही, हलणारा एकही भाग नाही. भोसरीतल्या कुठल्याही लेथवर डझनाच्या भावात निघेल. त्या त्या बंदुकीच्या नळीप्रमाणे माप ठरवायचं, वाटीवर परवान्याचा नंबर आणि 'फक्त काळी दारू' असं कोरायचं. मंडईतल्या भाजीवाल्याच्या काट्यावर वैधमापन शास्त्र खात्याचा शिक्का लागतो, कारण पावशेर मेथी कमी भरली तर गिऱ्हाईकाचं नुकसान होतं. मग हे माप सरकारच्या हिशेबात का नसावं? काळ्या दारूला इतकं बारीक माप लागतच नाही, असा आक्षेप मी ऐकलाय. बरोबर आहे. वाटी बारकाव्यासाठी नाहीच. 'एक' म्हणजे किती हे बापाकडून मुलाकडे न बदलता जावं आणि दोनदा भरलं तर कळावं, एवढ्यासाठी आहे.

वाटायची कशी हाही प्रश्न नाही. निवडणूक जाहीर झाली की गावोगावच्या परवानाधारकांना बंदुका पोलीस ठाण्यात जमा कराव्या लागतात, आणि ऐन पिकाच्या दिवसांत तसं झालं की त्यावरून दरवेळी कुरकुर होते. जिल्ह्यातल्या बहुतेक बंदुका त्या निमित्ताने एकाच टेबलावरून जातात. परत नेताना पावतीबरोबर वाटी द्यावी, ट्रिगर गार्डला सुतळीने बांधून.