पंच्याण्णव वर्षांची 'धोकादायक' बाई

वय ९५. वजन पन्नास किलोच्या आत. चालायला वॉकर. डोक्यात स्मृतिभ्रंशाचं धुकं आणि हातात जेवणाच्या टेबलावरचा एक दातेरी चाकू. समोर दोन पोलीस, रुग्णवाहिकेतून आलेले दोन कर्मचारी आणि वृद्धाश्रमातली नर्स. इथे जीव कोणाचा धोक्यात होता, असं चौथीतल्या पोराला विचारलं तरी ते अचूक उत्तर देईल. न्यू साउथ वेल्स पोलीस दलातल्या सीनियर कॉन्स्टेबल क्रिस्टियन व्हाइटला मात्र धोका स्वतःच्या बाजूला दिसला. त्यानं टेसर चालवला.

ही गोष्ट १७ मे २०२३ च्या पहाटेची. ऑस्ट्रेलियात स्नोई माउंटन्सच्या वाटेवर कूमा नावाचं गाव आहे, तिथला यालंबी लॉज हा वृद्धाश्रम. क्लेअर नोलंड तिथे राहत होती. आठ मुलांची आई, कितीतरी नातवंडा-पतवंडांची आजी, आणि ऐंशीव्या वाढदिवसाला विमानातून उडी मारणारी बाई. त्या रात्री ती स्वयंपाकघरातून चाकू घेऊन भटकत होती. इतरांच्या खोल्यांत शिरली, एक चाकू तिनं एका कर्मचाऱ्याच्या दिशेनं फेकला. कर्मचारी घाबरले आणि त्यांनी मदत मागितली, यात त्यांचं काही चुकलं असं मी म्हणणार नाही. पोलीस पोचले तेव्हा ती एका लहानशा खोलीत होती. चाकू टाक, असं तिला एकूण २१ वेळा सांगितलं गेलं, हे पुढे खटल्यात आलं. आपण कुठे आहोत हेच जिला उमजत नाही, तिला तीच आज्ञा एकविसाव्यांदा ऐकवायची आणि याला समजूत घालणं म्हणायचं! तीन मिनिटांच्या आत व्हाइटचा धीर संपला. 'छे, मरू दे' अशा अर्थाचं काहीतरी पुटपुटत त्यानं दीड-दोन मीटरवरून खटका दाबला.

टेसर काय करतो हे नीट समजून घ्या, कारण सगळी लबाडी तिथे सुरू होते. बारीक तारांना जोडलेले दोन काटे अंगात रुततात. वीज साधारण पाच सेकंद वाहते आणि तेवढा वेळ शरीराचे स्नायू माणसाचे राहत नाहीत. हात पुढे करून पडणं सावरता येत नाही. तोडलेल्या झाडासारखा माणूस आडवा होतो. पंचविशीतला गडी पडला तर खरचटेल, कदाचित खोक पडेल. पंच्याण्णव वर्षांच्या कवटीला फरशी पुरते. क्लेअर नोलंड पडली, डोकं आपटलं, मेंदूत रक्तस्राव झाला. आठवड्याभरानं, २४ मे रोजी, ती गेली.

टेसरची भलामण करणारे नेहमी एकच हिशेब मांडतात: हा नसता तर पोलिसानं पिस्तूल काढलं असतं, म्हणजे टेसरनं जीवच वाचवले. काही प्रसंगांत हे खरंही असेल. पण कूमाच्या त्या खोलीत टेसर नसता तर व्हाइटनं पिस्तूल झाडलं असतं का? वॉकर धरून उभ्या असलेल्या म्हातारीवर? तो दोन पावलं मागे सरकला असता. दार ओढून घेतलं असतं, मध्ये एक खुर्ची लावली असती, तिच्या एखाद्या मुलाला फोन केला असता. मीटरभर पुढे यायला तिला मिनिटभर लागत होतं, असं न्यायालयात सांगितलं गेलं. म्हणजे विचार करायला अख्खी पहाट होती. बंदुकीला पर्याय म्हणून आणलेलं हे हत्यार धीराला पर्याय झालं आहे, आणि त्याचा मार अशाच लोकांना बसतो ज्यांच्यावर बंदूक उगारायची कोणाची छाती झाली नसती: म्हातारे, भ्रमिष्ट, भाषा न कळणारे.

माझी आत्या शेवटच्या काही वर्षांत अशीच झाली होती. एकदा ती कालथा घेऊन घरकाम करणाऱ्या मावशींच्या अंगावर धावली, कारण तिच्या मते त्या मावशी तिची मेलेली नणंद होत्या आणि पाटल्या चोरायला आल्या होत्या. मावशी शिकलेल्या नाहीत, त्यांना कुठल्या अकादमीनं प्रशिक्षण दिलेलं नाही. त्या जमिनीवर बसल्या आणि म्हणाल्या, "वन्सं, पाटल्या हव्यात तर घ्या परत, पण आधी चहा टाका." आत्या कालथा खाली ठेवून आधण ठेवायला गेली. दरवेळी इतकं सोपं नसतं हे मला ठाऊक आहे. चाकू हा चाकूच असतो, हेही मान्य. पण पगारी, प्रशिक्षित, चिलखती माणसाकडून धुणीभांडी करणाऱ्या बाईइतक्या समजुतीची अपेक्षा ठेवणं हा अतिरेक आहे काय?

बचावात व्हाइट म्हणाला की चाकूधारी माणूस धोकादायकच असतो असं आम्हाला शिकवतात. शिकवत असतील. पण वृद्ध आणि अपंग माणसांवर अपवादात्मक परिस्थितीखेरीज टेसर वापरू नये, हेही त्याच दलाच्या नियमात लिहिलेलं होतं. पंच्याण्णव वर्षांची बाई रोज पहाटे चाकू घेऊन हिंडत नाही, म्हणून हाच तो अपवाद, असा अर्थ काढायला माणूस निर्ढावलेला असावा लागतो किंवा वकील.

खरा संताप मात्र मला त्या पाच सेकंदांपेक्षा त्यानंतर जे झालं त्याचा आहे. पोलिसांच्या पहिल्या निवेदनात टेसरचा उल्लेखच नव्हता. पोलिसांशी आमनेसामने आल्यावर एका वृद्ध महिलेला इजा झाली, एवढंच. जणू दोघांची चालता चालता धडक झाली! नंतर माहितीच्या कायद्याखाली कागद बाहेर आले तेव्हा कळलं की मसुद्यात टेसर होता, तो काढून टाकण्यात आला. म्हणजे हे विसरणं नव्हतं, संपादन होतं. कोणीतरी खुर्चीत बसून, शांत डोक्यानं, हातात चाकू घेतलेली म्हातारी समोर नसताना हा निर्णय घेतला. त्या माणसाला कुठला धोका जाणवत होता? तत्कालीन पोलीस आयुक्त कॅरन वेब यांनी त्या निवेदनाचं समर्थनच केलं, आणि गणवेशावरच्या कॅमेऱ्याचं चित्रीकरण आपण पाहिलेलं नाही असंही सांगितलं. लोकांना ते चित्रीकरण दिसायला खटला उभा राहावा लागला, नोव्हेंबर २०२४ मध्ये. कॅमेरे बसवताना आपल्याला सांगतात की हे पारदर्शकतेसाठी आहेत. मग पहिली गरज पडते तेव्हा झाकण कोण लावतं?

ही रीत कूमात जन्मली नाही. १४ ऑक्टोबर २००७ ला व्हँकूव्हर विमानतळावर पोलंडहून आलेला रॉबर्ट जेकान्स्की हा माणूस, फक्त पोलिश येणारा, तासन् तास आगमन कक्षात अडकून पडला होता. थकून, घाबरून त्यानं आदळआपट केली. पोलीस आले तेव्हा त्याच्या हातात स्टेपलर होता. हो, कागद टाचायचा स्टेपलर. पाच वेळा टेसर चालवला, तो तिथेच मेला. पोलिसांनी सांगितलेली हकिकत आणि एका प्रवाशानं केलेलं चित्रीकरण यांचा मेळ बसेना. शेवटी चौकशी आयोगासमोर दिलेल्या साक्षीबद्दल दोन अधिकारी दोषी ठरले, तेही खोटी शपथ घेतल्याबद्दल. माणूस मेल्याबद्दल नव्हे.

इंग्लंडमध्ये २०१६ साली टेलफर्ड इथे एकेकाळचा नावाजलेला फुटबॉलपटू डेलियन अ‍ॅटकिन्सन मानसिक दृष्ट्या सैरभैर असताना पोलिसाच्या हाती लागला. बेंजामिन मंक या कॉन्स्टेबलनं त्याच्यावर तब्बल ३३ सेकंद टेसर धरला आणि पडल्यावर डोक्यात लाथा घातल्या. २०२१ मध्ये मंकला सदोष मनुष्यवधासाठी आठ वर्षं झाली. कायद्याचा विजय म्हणून हे उदाहरण सांगतात. ब्रिटनमध्ये कर्तव्यावरच्या पोलिसाला असा दोषी ठरवायला त्याआधी तीस वर्षांहून जास्त काळ लोटला होता, हे मात्र हळूच सांगतात.

कूमाच्या खटल्यात ज्यूरीनं कच खाल्ली नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये त्या बारा सामान्य माणसांनी व्हाइटला सदोष मनुष्यवधासाठी दोषी ठरवलं. तोवर हा गृहस्थ पगारी निलंबनावर होता, डिसेंबरात सेवेतून काढला गेला आणि त्या बडतर्फीविरुद्धही त्यानं दाद मागितली. मार्च २०२५ मध्ये न्यायमूर्ती इयन हॅरिसन यांनी शिक्षा सुनावली: दोन वर्षं चांगल्या वर्तणुकीची हमी आणि ४२५ तासांची समाजसेवा. हा गुन्हा त्याच्या प्रकारात खालच्या पायरीवरचा, परिस्थिती ओळखण्यात झालेली भयंकर चूक, असं न्यायालयाचं म्हणणं. आरोपीची नोकरी गेली, गावात त्याला थारा उरला नाही, हेही जमेला धरलं गेलं. मी न्यायमूर्तींच्या हेतूवर शंका घेत नाही, त्यांच्या तराजूवर घेतो. ४२५ तास म्हणजे दिवसाला आठ तास धरले तर त्रेपन्न दिवस. नोकरी जाणं ही शिक्षा असेल, तर चोरी पकडली गेलेल्या प्रत्येक रोखपालालाही त्याच भावानं सोडा. त्याची अब्रू गेली म्हणून कोणी हळहळत नाही. तोल सावरण्याची, धीर धरण्याची, धोका ओळखण्याची जबाबदारी ज्याच्यावर सर्वांत जास्त, त्याच्याच वाट्याला चूक माफ होण्याची सवलतही सर्वांत जास्त, हा न्याय मला पचत नाही. क्लेअर नोलंडचंही परिस्थितीचं आकलन चुकलंच होतं. तिला कोणी हमीवर सोडलं?

इथे आपल्यातलं कोणीतरी म्हणणारच, "निदान तिकडे खटला तरी उभा राहतो हो!" राहतो खरा. परभणीचा ख्वाजा युनूस २००३ साली मुंबई पोलिसांच्या कोठडीतून नाहीसा झाला, आरोपी पोलीस २०२० मध्ये पुन्हा सेवेत घेतले गेले. आपल्याकडे वीज नको, लाठी आणि तारखा पुरतात. पण आपलं अंगण घाण आहे म्हणून शेजारच्याच्या अंगणाला देवघर समजायचं कारण नाही.

तेव्हा मागणी साधी आहे. वृद्धाश्रमात आणि मनोरुग्णालयात पोलिसांनी टेसर दाराबाहेर ठेवून आत जावं, आणि 'अपवादात्मक' या पळवाटेला तिथे जागा नसावी. चित्रीकरण कुटुंबाला ताबडतोब मिळावं. आणि पहिल्या निवेदनातून ज्यानं हत्यार पुसलं, त्याचं नाव खटका दाबणाऱ्याच्या नावाखाली त्याच आरोपपत्रात यावं. आणि व्हाइटचं म्हणाल, तर त्याची शिक्षा अपुरी म्हणून सरकार पक्षानं अपील केलं होतं. जुलै २०२५ मध्ये ते फेटाळलं गेलं.