उभारी कोणाची?

अर्थव्यवस्था सावरली, असे आर्थिक परिषदांतून मोठ्या समाधानाने सांगितले जाते. कोणाची सावरली, हे मात्र विचारावे लागते. २०२०-२१ साली टाळेबंदीने राष्ट्रीय उत्पन्न घटले आणि देशभर ११ कोटींहून अधिक माणसे रोजगार हमीच्या कामांवर गेली. पुढील वर्षी उत्पन्न पुन्हा वाढले. तरी त्या कामांवर १० कोटींहून अधिक माणसे होतीच. भर उन्हात माती वाहण्याची हौस कोणास असते? १९७२ च्या दुष्काळात खडी फोडलेल्या आपल्या वडीलधाऱ्यांस विचारा. ज्याच्या नावे सातबारा नाही, त्याच्या घरी देशाची वाढ पोहोचते ती मजुरीच्या दरानेच. तेव्हा बंधुभगिनींनो, टक्केवारीआधी या परिषदांनी मजुरीचा हिशेब मांडावा, अशी मागणी आपण केली पाहिजे.